खडक कापायचा राहिला

तिच्याबद्दल मला खरं तर फार थोडं माहीत आहे. ती मूळची कुठली, घरी कोण होतं, हे मी कधी विचारलं नाही. माझं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान, आणि ती गिऱ्हाईक. गल्लीत सगळे तिला अस्वलताई म्हणायचे. मीही.

ती रानात जाऊन अस्वलांचे फोटो काढायची. त्यातही मादी आणि तिच्या पाठीवर बसलेली पिल्लं. चौकट करण्याआधी ती फोटोवर बोट ठेवून सांगायची, "काका, इथून कापा."

"अहो, हा खडक किती झकास आलाय!"

"म्हणूनच कापा. खडक ओळखला की गुहा सापडलीच."

वाकडं झाड, डोंगराची कड, काहीही ठेवू द्यायची नाही. मी कुरकुरत कापायचो.

मग एका मासिकाच्या संपादकाने तिनं काढलेला एक फोटो मागितला. छपाई नीट यावी म्हणून आख्खा पाठवा, कडा आम्ही कापू, असा शब्द दिला. तिनं विश्वास ठेवला. दोन पानं भरून फोटो छापला, खडकासकट.

तो अंक तिनं माझ्या टेबलावर आपटला आणि दुकानातूनच त्याला फोन लावला.

"ताई, खडकामुळे चित्राला भारदस्तपणा आला," तो गुळगुळीत आवाजात म्हणाला. "आणि आम्ही जागेचं नाव कुठं छापलंय? वाचक खूश आहेत."

"तुमच्या वाचकांच्या गाड्या उभ्या आहेत तिथं! गुहेच्या तोंडाशी बिस्किटांचे कागद पडलेत!"

"लोकांना निसर्गाची ओढ लागली तर वाईट काय?"

तिनं फोन ठेवला. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांत गुहेतली मादी गर्दीला भिऊन पळाली. एक पिल्लू तिच्या पाठीला चिकटून गेलं, दुसरं मागे राहिलं. लोकांनी ते एकमेकांच्या हातात देत फोटो काढून घेतले. ते ओरडत होतं आणि हे हसत होते. ताई पोचली तेव्हा तिनं पिल्लू हिसकावून गुहेत ठेवलं आणि त्या हसणाऱ्या तोंडांचे फोटो काढले. आई परतली नाही. पिल्लू मेलं.

ती तोंडं तिनं माझ्याकडून चौकटीत बसवून घेतली. मासिकानेच भरवलेल्या प्रदर्शनात तिला दिलेल्या भिंतीवर तेवढीच होती.

"अहो, अस्वलं कुठायत?" संपादक ओरडला.

"ह्यांना विचारा. आणि आरशात बघून स्वतःलाही."

त्याने तिच्या भिंतीवरचे दिवे बंद करवले. पाहुणे चहा पीत राहिले, कुणी ब्र काढला नाही. मीही काढला नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण आजही ते मासिक कुठं दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे ती कॅमेरा घरी ठेवून रानाच्या वाटेवर दिवसभर बसायची आणि गाड्या परत पाठवायची. पावसाळ्यात तापाने आजारी पडली आणि त्यातच गेली. त्याआधी एकदा दुकानात आली होती.

"काका, जाड पुठ्ठा आहे का? वाटेवर बसायला. जमीन ओली असते."

"आहे. पण भिजला की लगदा होईल त्याचा."

"मग दोन द्या."