आत्या पुलपिटवर का चढली नाही

माझ्या आत्याला चर्चमधल्या पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या उंच व्यासपीठावर, चढायला बंदी होती.
बंदी उठली, तरी ती चढली नाही.

का, ते मला अजून कळलेलं नाही. तिला जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या नाशिकच्या छोट्याशा मेथडिस्ट मंडळीत उभं राहून बोलणारी पहिली बाई म्हणजे माझी आत्या. रिटायर्ड नर्स. चर्चचा कारभार बघणाऱ्या तेव्हाच्या पंचांनी सांगितलं होतं, बाईने उपदेश करायचा नाही. साक्ष दिली, म्हणजे देवाचा स्वतःला आलेला अनुभव सांगितला, तर चालेल. तीही खाली, बाकांसमोर उभं राहून.

मग काय, आत्याची साक्ष चांगली पाऊण तास चालायची! बायबलमधले दाखले, सिन्नरच्या एसटीत भेटलेली माणसं, पंचांना दोन चिमटे, सगळं त्यात.

"विलायतेत आपला पंथ नवा होता ना, तेव्हा बोलणाऱ्या बाईलाही हेच सांगितलं होतं," ती हसून म्हणायची. "उपदेश नको, फक्त मनातलं सांग. मग काय, सांगत राहिली बाई!"

पुढे नवे पाळक, म्हणजे पास्टर, आले. म्हणाले, "सिस्टर, आता वर या."
"राहू द्या. गुडघे दुखतात."

पायऱ्या तीन. आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

मंडळी म्हणाली, केवढी नम्रता! मला तो राग वाटायचा. विचारलं की म्हणायची, "तुला काय करायचंय गं? चहा टाक."

आज सकाळी तिच्या आठवणीची उपासना झाली. बोलायचं होतं मी. पाळक म्हणाले, वर या. पहिल्या बाकावरून तिची मैत्रीण सुमनमावशी कुजबुजली, "खालूनच बोल माय. तिची जागा हाय ती."

अंबडच्या कंपनीत मी रोज पंचवीस जणांना कामं वाटते. इथे मात्र पार कन्फ्यूज. वर गेले तर आत्याचा अपमान? खाली राहिले तर पंचांचंच खरं झालं?

शेवटी चढले. लिहून आणलेलं एकही वाक्य वाचता येईना.

वरून शेवटचा बाक दिसतो. खांबामागे तान्ही लेकरं घेऊन बसलेल्या बायका दिसतात. त्या रडत होत्या.

खालून पहिल्या दोन रांगांपलीकडे काही दिसत नाही, आत्या.
तुझं बोलणं कुठवर पोचत होतं, ते तुला कधी दिसलंच नाही गं.

तुझं बरोबर होतं की चूक, अजून ठरत नाही. तुझी फार आठवण येते, एवढं मात्र नक्की.

सलाम, आत्या. प्रभूजवळ सुखात राहा.