झुंबरच्या सात वैमानिक

सामरवरणीचा झुंबर महाजन धंद्याने बोर्ड रंगवणारा. त्र्याऐंशी साली शिरपूरकडून आला आणि राखोलीच्या कारखान्यांत ‘धूम्रपान मना है’ लिहून लिहून त्याचं अक्षर मोत्यासारखं झालं. माणसं काढणं मात्र त्याला जमत नसे. एका गेटवर त्याने हेल्मेटवाला कामगार काढला, तर लोक म्हणाले, “भोपळा झकास आलाय!”

अठ्ठ्याऐंशीत तो शाळेचे फळे रंगवायला गेला. तिथल्या, मूळ चिपळूणच्या, सुधाकर सरांच्या टेबलावर एक रशियन मासिक होतं, मुलं ज्याच्या गुळगुळीत पानांची वह्यांना कव्हरं घालतात तसलं. त्यात सात बायकांचे तिकिटाएवढे फोटो.

“महायुद्धात ह्या विमानं चालवायच्या,” सर म्हणाले. “लाकडाची नि कापडाची. यातल्या तिघी परतल्याच नाहीत.”

“कापडाची?” झुंबरने विचारलं. जन्मभर कापडी बॅनर रंगवणारा तो; त्याच कापडात बसून कुणी आभाळात गेलं, हे त्याला झेपेना. स्वतः तर तो शिडीच्या चौथ्या पायरीवर देवाचं नाव घ्यायचा. मासिक मागून त्याने घरी नेलं.

सात महिने रविवारी त्याने पत्र्यांवर त्या बायका रंगवल्या. मग दोऱ्याच्या कारखान्यात मशीनवर असलेल्या बायकोला, कमळाबाईला, मोठ्या ऐटीत बोलावलं.

तिने सातही पत्रे पाहिले. “हाई नाक त मनं शे!” स्वतःच्या नाकाला हात लावत ती म्हणाली.

“रशियात नाकं अशीच असतात.”

“सातीजणींची?” मग तिला त्याने सांगितलेली गोष्ट आठवली. “परत न आलेल्या कोणत्या?”

त्याने बोट दाखवलं.

“जीव गेला बिचाऱ्यांचा, आता नाकही माझं चिकटवता? ज्याचं नाक त्याला द्या.”

झुंबर दोन दिवस रुसला. जेवत होता, पण रुसला. तिसऱ्या दिवशी घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून भिंग आणलं, पॉलिश पेपरने चेहरे घासले आणि नव्याने बसला. एकीची जिवणी वाकडी होती, एकीच्या दातांत फट होती. आता ते सगळं दिसू लागलं. कमळाबाई भाकरी थापता थापता ओरडायची, “हनुवटी माझी येतेय, पुसा!”

नव्वदच्या सव्वीस जानेवारीला चित्रं शाळेत लागली. सुधाकर सर पाऊण तास बोलले. ऐकलं कुणी नाही. नंतर कमळाबाईच्या शिफ्टच्या बाया आल्या. कमळाबाईला वाचता येत नव्हतं, पण सातही नावं तिने खानदेशी हेलात धडाधड सांगितली.

“विमान चालवायच्या कशा गं?” एकीने विचारलं.

“आपण मशीन चालवतो तशा. फक्त ते बंद पडलं तर मुकादमाला हाक मारता येत नसे.”

बाया हसल्या. मग कमळाबाईने न परतलेल्या तिघी दाखवल्या, तेव्हा त्या पदर सावरून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. झुंबर दाराआड उभा होता. पुढे यायचा त्याला धीर झाला नाही.