आवळबाई

एखादी बाई दवाखान्याच्या दारातून आत आली की नर्सबाई तिच्या तोंडाकडे बघायची नाही, चालीकडे बघायची. कोरड्या जमिनीवर चिखलात चालल्यासारखी जपून पाय टाकणारी कोणी दिसली की हातातलं काम ठेवायची आणि म्हणायची, "ये, बस. काय दुखतंय ते नंतर. काय उतरतंय ते आधी सांग." बायका आधी घाबरायच्या, मग रडायच्या, मग सांगायच्या. नर्सबाईचं खरं नाव सरकारी कागदावर असेल. आम्ही तिला आवळबाई म्हणायचो. ते नाव माझ्या मूर्खपणामुळे पडलं, म्हणून मीच लिहितो. चौथी शिकलोय. चुकलं तर चुकलं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पौडच्या वाटेवर दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाई चाळिशीची, अंगानं सडपातळ, हातात पुरुषी काळी छत्री. बोलणं शहरातलं, पण गुळमुळीत नाही. आमच्यासारखंच तोंडावर.

माझी बायको सरू. दुसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी झऱ्यावरून भरला हंडा घेऊन आली. आमच्याकडे तसंच होतं, कोणाला त्यात काही वाटायचं नाही. मग तिचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर यायला लागलं. मला ती सांगेना. मला एवढंच दिसलं की ही हसायची थांबली. सरूचं हसू म्हणजे ओढ्यापलीकडच्या खाचरात ऐकू जायचं. आता कोणी गंमत केली की पदर तोंडात कोंबायची आणि खाली बसायची. हसलं, खोकलं की अंग उतरायचं, हे मला पुढे कळलं. त्या साली लावणीत ती दुपारच्या आधीच बांधावर जाऊन बसली. माझी आई म्हणाली, "ही आता कामाची न्हाई. दुसरी आण." मी आठ दिवस तो विचार केला. खोटं कशाला लिहू. मग तिला पुण्याला नेली. तिथल्या डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली, आणि सरू कापायचं नाव काढलं की थरथरायची. म्हणून शेवटी ह्या बाईकडे आणली.

दिवाळी होऊन भात झोडून झाला होता. मी बाहेर आंब्याखाली बसलो. आतून बाईचा आवाज येत होता, "आवळ... आवळ... सोडू नको... हां, आता सोड." घरी येताना सरू माझ्या मागे दहा पावलं. मी न वळताच विचारलं, औषध काय दिलं? ती जमिनीकडे बघून पुटपुटली, "दिसातनं तीन डाव आवळ म्हंत्यात."

मी ऐकलं, आवळं.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या बाजूच्या रानात गेलो आणि पोतंभर आवळं पाडून आणली. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाच-पाच आवळं तिच्यापुढे ठेवायची आणि खाऊन होईपर्यंत समोर उभं राहायचं. दात आंबले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती खायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. बाईनं शिकवलेलं ती जात्यापाशी गुपचूप करतच होती. आवळं म्हणजे नवऱ्यानं आपल्या मनानं आणलेला खाऊ, असं तिला वाटलं. तिच्यासाठी तोवर कोणी काही आणलं नव्हतं. म्हणून मुकाट खात राहिली.

पंधरा दिवसांनी तिला घेऊन परत गेलो. बाईला म्हटलं, "बाई, पोतं सपत आलं. अजून किती दिस द्यायची आवळं?"

"कसले आवळे?"

मी सांगितलं. बाई पायरीवरच बसली. छत्री एकीकडे, ती एकीकडे, हसून हसून तिला बोलता येईना. माझ्यामागे सरूनं पदर तोंडात कोंबला. बाईनं ते पाहिलं आणि हसणं थांबवलं. उठून तिचा पदर खाली ओढला. "येत्या लावणीला तू तोंड उघडून हसली पाहिजेस," म्हणाली. "नाहीच जमलं तर पुण्याची वाट आहेच. आधी माझी चालून बघ."

मग माझ्याकडे वळली. "आता तुलाच शिकवते. बाईच्या ओटीपोटाखाली मांसाची झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते, वरचं सगळं खाली लोंबायला लागतं. लघवी मधेच रोखताना जे आवळतं, ती त्या झोळीची दोरी. रोज ओढली की घट्ट होते. हिनं दोरी आवळायची आणि तू हंडा उचलायचा."

"मी?"

"मग काय मी येऊ?"

माझे कान तापले होते. पण बाईनं विचारलं, समजलं का, आणि ते समजलं होतं.

तिच्याकडे घड्याळाचं माप नव्हतं, असलं तरी आमच्या काय कामाचं. जात्याचा एक फेरा आवळून धरायचं, पुढचा फेरा सोडायचं. दुपारी कमरेखाली घोंगडी घालून पाय उंच करून पडायचं. आणि काही उचलायचं झालं, अगदी पाळण्यातलं पोरगं, तरी "आधी आवळ, मग उचल. श्वास कोंडू नको, सोडत सोडत उचल." हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं की आमच्या पाळण्यातल्या पोराचे ते पहिले बोल झाले असते.

पाणी मी भरलं. पुरुषानं डोक्यावर हंडा घेऊन जायचं म्हणजे गावाला तमाशा. पारावरून एकानं विचारलं, "काय रं, लुगडं कवा नेसतुयास?" मी म्हटलं, "तुज्या बायकूचं वाळत घातलंय, ते वाळू दे."

एकदा बाई घरी तपासायला आली. आई तणतणत पाणी घेऊन आली. बाईनं तांब्या हातात घेतला, पण नजर आईच्या पायांवर. सगळ्यांसमोर नाही, पाणी पिऊन झाल्यावर हळूच विचारलं, "मावशी, तुमचं किती वर्षांचं?"

आईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्या येळंपासनं."

माझं वय तेव्हा अठ्ठावीस. अठ्ठावीस वर्षं ती कमरेला चिंधी कसून बांधून खाचरात वाकत होती, आणि सुनेला कामाची नाही म्हणत होती. बाई म्हणाली, "मावशी, तुमची झोळीच विरलीय. नुसती दोरी ओढून भागायचं नाही." तिनं आईला आत रबरी कडं बसवून दिलं, दर काही महिन्यांनी धुवून परत बसवायची. दुसरी आणायची गोष्ट आईनं पुन्हा काढली नाही. उलट सरू जात्यावर बसली की दारातून विचारायची, "आवळलं का गं?"

तिथून ते गावभर झालं, माझ्या पोत्याची गोष्टही बायकांत फुटली, आणि बाईची आवळबाई झाली. झऱ्यावर बायका एकमेकींना रामराम घालायच्या सोडून विचारायच्या, "आवळलं का?" आणि दुसरी म्हणायची, "तीन डाव." गड्यांना वाटायचं, लोणच्याचं चाललंय. मला सगळं माहीत.

आषाढात लावणी आली. बाईनं सांगितलं होतं, अर्धा दिवस, आणि रोपांची प्रत्येक पात, म्हणजे ओळ, लावून झाली की उभं राहायचं. सरू पावसासाठी पानांचं इरलं पाठीवर टाकून उतरली. मी बैलांपाशी, पण डोळा तिच्याकडे. दुपार झाली. ती बांधावर गेली नाही. तेवढ्यात शेजारची म्हातारी पाय घसरून चिखलात बसली आणि बसल्या जागी ओरडली, "आवळायचं ऱ्हायलं की गं!" सगळी रांग हसली. सरू क्षणभर थांबली. मला दिसलं, तिनं ओठ मिटले, आत काहीतरी धरलं. मग हसली. तोंड उघडून, कमरेवर हात ठेवून. ओढ्यापलीकडच्या खाचरातल्या माणसांनी माना वर केल्या. मी नांगर सोडून नुसता उभा. बैलसुद्धा उभे.

दोन वर्षांनी बाईची बदली झाली. एसटीपाशी पंधरा-वीस बायका जमल्या आणि प्रत्येकीच्या ओच्यात आवळे. आपसात ठरवलं नव्हतं म्हणाल्या, पण कोण विश्वास ठेवील. बाईनं पिशवी भरून घेतली. खिडकीतून सरूला म्हणाली, "पत्र घालू नकोस, तुला लिहिता येत नाही. आवळत राहा." पुन्हा ती दिसली नाही.

सरू पुढे म्हातारी होईपर्यंत खाचरात उतरली. कापून घ्यायला पुण्याला कधी जावं लागलं नाही. गेल्या माघात छातीच्या दुखण्यानं गेली. शेवटचे दिवस तिला उठवून बसवायचं काम माझं. मी खाली वाकलो की कानाशी म्हणायची, "अवो, आधी आवळा, मंग उचला." अंगात हसायचं बळ नव्हतं, पण डोळे हसायचे.

आता सरूविना मी एकटाच. कळशी उचलताना तोंडातून आपोआप निघतं, "आवळ." परवा सुनेनं ऐकलं. बिचारी पौडच्या बाजारातून पाव किलो आवळे घेऊन आली. "मामा, तुमी सारखं आवळं आवळं करताय, म्हणून आणली."

ती समोर उभी होती, म्हणून एक खाल्ला. दात आंबले, डोळ्यांतून पाणी आलं. वर तांब्याभर पाणी प्यालो. गोड लागलं.