पाणबुडीचं पान

सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी कावळ्यांसाठी दोन पानं निघतात. एक सासूसासऱ्यांचं. दुसरं एका पाणबुडीतल्या माणसांचं, तेही शत्रूच्या. वाढते मी, गच्चीवर नेऊन ठेवतात आमचे हे.

हे नौदलात होते. आमचं लग्न नुकतंच झालं होतं आणि लढाई सुरू झाली. यांच्या जहाजानं पाण्यात बॉम्ब सोडले, ते सोडणाऱ्यांत हेही होते. वर नुसतं तेल आलं, माणूस एकही आला नाही. या विषयावर यांनी माझ्यापाशी एवढंच तोंड उघडलंय.

पहिल्यांदा दुसरं पान वाढायला सांगितलं तेव्हा मी भडकलेच.

"अहो, त्यांचा धर्म वेगळा. त्यांचं कावळ्याशी काय देणंघेणं?"

"त्यांना ना कोणी पुरलं, ना जाळलं," हे म्हणाले. "कुठल्या दिवशी गेले ते घरच्यांनासुद्धा नक्की ठाऊक नसेल. तिथी माहीत नसलेल्यांसाठीच असते ना सर्वपित्री?"

मग दरवर्षी मी वाढत राहिले, कुरकुरत. लालबागच्या चाळीत कौलांवर कावळेच कावळे, दोन्ही पानं बघता बघता साफ व्हायची. यंदा चाळीच्या जागी झालेल्या टॉवरच्या गच्चीवर गेलो. एकच कावळा आला. सासूबाईंच्या पानातला वडा त्यानं उचलला आणि दुसऱ्या पानाभोवती नुसता फिरत राहिला.

अशा वेळी हात जोडून, गेलेल्या माणसाला काहीतरी कबूल करायचं असतं. एका वर्षी सासूबाई अशाच अडून बसल्या होत्या. "तुमच्या लेकीला दिवाळीला बोलावते," म्हटलं, आणि कावळा शिवला. त्यांचा स्वभाव मला पाठ होता. पण पाणबुडीतल्यांना काय कबूल करणार? यांनी हात जोडले. "तुमच्या पोरांकडे..." म्हणाले आणि थांबले. कुठली पोरं, कुठल्या गावची!

कावळा उडून गेला. मी म्हटलं, दर्भाचा कावळा करून पानाला शिववूया, चालतं तसं. हे माझ्यावर खेकसले. मग कठड्याला टेकून खालीच बसले. मला यांची दया आली.

"त्यांना माझ्या हातचं नको असेल," हे म्हणाले.

"मग मी ठेवून बघते."

माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "तू तर पेढे वाटले होतेस."

खरं होतं. पाणबुडी बुडाल्याची बातमी रेडिओवर लागली त्या संध्याकाळी मी नव्या नवरीच्या तोऱ्यात अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. हे तेव्हा समुद्रावर होते. यांना कोणी सांगितलं, कधी सांगितलं, देव जाणे. इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलले नाहीत. आणि मी मात्र ते पान यांच्या एकट्याच्या पापाचं समजून वाढत आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पान तसंच पडून होतं. त्याला हात लावायचा मला धीर झाला नाही.