चौदा वेळा पास झालेला बॅकअप

"नाना, काट्यावर आकडा दिसस, पन पावती निंघत नही."

सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी भिकनचा फोन आला. मी वेळ लिहून ठेवतो, म्हणून सांगता येते. मी सर्व्हर रूममध्येच होतो. राउटरवरच्या दिव्याकडे पाहिले. हिरवा. मी म्हणालो, "लाईन चालू आहे. तुझा कॉम्प्युटर बंद करून चालू कर."

त्याने तीन वेळा केला. काही झाले नाही.

मी शहादा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. भिकन वजनकाट्यावर ऑपरेटर होता. अकरा हंगाम कंत्राटावर. त्या वर्षी कायम करायच्या यादीत त्याचे नाव होते, यादीवर फक्त जनरल मॅनेजरची सही व्हायची होती. पुढचे सगळे समजायला एवढे लक्षात ठेवावे.

ऊस घेऊन आलेली गाडी काट्यावर दोनदा चढते. एकदा भरलेली, एकदा रिकामी. दोन्ही आकडे मुंबईच्या एका डेटा सेंटरमधल्या आमच्या सर्व्हरकडे जातात आणि तिथून परवानगी आली की काट्यावर पावती छापली जाते. दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेल्या या सर्व्हरला क्लाउड म्हणतात. पूर्वी हाताने पावत्या लिहीत तेव्हा गैरप्रकार झाले होते. म्हणून नियम कडक होता: हाताने वजन लिहायचे नाही, कोणत्याही कारणाने.

कारखान्यातून क्लाउडकडे जायला दोन रस्ते होते. पहिला फायबरचा, म्हणजे प्रायमरी. दुसरा वेगळ्या कंपनीच्या टॉवरवरून, म्हणजे बॅकअप. आमच्या राउटरमध्ये दोन्ही रस्ते लिहिलेले होते, प्रायमरीपुढे १ आणि बॅकअपपुढे २५०. राउटर लहान आकड्याचा रस्ता धरतो. तो रस्ता बंद दिसून राउटरच्या यादीतून गेला, तरच मोठ्या आकड्याकडे वळतो.

बॅकअप चालतो की नाही, हे मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासायचो. राउटरमधून प्रायमरीची केबल काढायची. चाळीस सेकंदांत सगळे बॅकअपवर यायचे. चार मिनिटे थांबून केबल परत लावायची. रजिस्टरमध्ये नोंद, निकाल 'पास', खाली माझी सही. अशा चौदा नोंदी झाल्या होत्या. एकही महिना चुकला नव्हता.

त्या दिवशी मी या चौदा नोंदींच्या भरवशावर विचार केला. क्लाउडमधला सर्व्हर उत्तर देत नव्हता. पण फायबर तुटली असती तर राउटर बॅकअपवर गेला असता. तो गेलेला नाही, म्हणजे फायबर ठीक आहे. म्हणजे बिघाड क्लाउडमध्ये आहे. हा हिशेब मला इतका पक्का वाटला की मी दुसरीकडे पाहिलेच नाही.

क्लाउड सांभाळणाऱ्या कंपनीला फोन केला.

"सर, सर्व्हर अप आहे. तुमचा बॅकअपचा रस्ताही आम्हाला हिरवा दिसतोय."

"बॅकअपचं नका सांगू. आम्ही प्रायमरीवर आहोत."

"सर, मग तुमच्याकडेच बघा ना."

"माझ्याकडे हिरवं आहे."

"आमच्याकडेही हिरवंच आहे, सर."

अशी पन्नास मिनिटे गेली.

तो होळीचा दिवस होता. तोडणीच्या बहुतेक टोळ्या सातपुड्यातल्या. वर काठी गावात जुन्या संस्थानाची राजवाडी होळी असते आणि तिथला माणूस कुठेही कामाला असला तरी त्या रात्री गावी असतो. टोळ्यांनी पहाटेपासून तोडून शेवटचा ऊस आणला होता. गाडी रिकामी होऊन पावती हातात आल्याशिवाय टोळीला सुट्टी नाही. काट्यापुढे सदतीस गाड्या उभ्या होत्या.

साडेअकराला मी काट्यावर गेलो. टोळीचा मुकादम वेस्ता पावरा भिकनच्या खिडकीला टेकून उभा होता.

"साहेब, जीपा दोनला सुटनार. वर घाट आहे, उजेडात चढावं लागतं."

मी म्हणालो, "मुंबईला प्रॉब्लेम आहे. होईल."

"मुंबईला होळी उद्या केली तरी चालते," वेस्ता म्हणाला. "आमची आज आहे. भाऊ होळीच्या नवसाचा मोरखी झालाय, पाच दिवस नेमधर्माची पाळनूक करून बसलाय. मी नाही गेलो तर त्याच्यामागे कोन उभं राहील?"

रांगेतले दोघे हसले. वेस्ता हसला नाही.

मी भिकनला म्हणालो, "राउटरचा दिवा हिरवा आहे रे. लाईन आहे."

"हिरवा दिवा तुमनी खोलीमा शे, नाना. अठे मन्हापुढे सदतीस गाड्या शेतस. तुमना दिवावर पावती निंघस का?"

जनरल मॅनेजर बैठकीला नंदुरबारला गेले होते. भिकनने त्यांना चार वेळा फोन लावला. बंद. मग त्याने मलाच विचारले, "मी वहीमा लिखी लेसू का? काट्यावर आकडा ते दिसस."

मी म्हणालो, "मी कसं सांगू? नियम तुला माहीत आहे."

मी 'नाही' म्हणालो नाही आणि 'हो'ही म्हणालो नाही. मग त्याने ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली, रेघा मारल्या आणि पहिली गाडी काट्यावर बोलावली. अकरा चाळीस झाले होते. गाडीवानाकडून प्रत्येक ओळीवर अंगठा किंवा सही घेत होता.

मी खोलीत परतलो आणि जे पहिल्या दहा मिनिटांत करायला हवे होते ते दुपारी सव्वा वाजता केले. राउटरचा रॅक पुढे ओढला आणि केबलच्या मागे मागे गेलो.

राउटर आणि फायबर यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टर नावाचा एक लहान डबा असतो. एका बाजूने त्यात बाहेरची फायबर येते, दुसऱ्या बाजूने साधी केबल राउटरकडे जाते. तो रॅकच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलेला होता. त्याला वीज आमच्याच यूपीएसची. त्याच्यावर फायबरचा वेगळा दिवा असतो. तो विझलेला होता.

फायबर अकरा किलोमीटरवर, म्हसावदच्या रस्त्याला, पाइपलाइनच्या खोदकामात तुटली होती. पण राउटरला अकरा किलोमीटर दिसत नाहीत. त्याला दीड मीटरची केबल आणि तिच्या टोकाला जिवंत डबा दिसतो. म्हणून त्याचा दिवा हिरवा. म्हणून १ नंबरचा रस्ता यादीत कायम. आम्ही पाठवलेले सगळे त्या डब्यापर्यंत जाऊन संपत होते. क्लाउडची बाजू मात्र तुटल्याबरोबर ओळखून बॅकअपवर वळली होती आणि तिथे आमची वाट पाहत होती.

मी केबल उपटली. चाळीस सेकंद. पावती निघाली.

म्हणजे तीन तास तयार असलेला रस्ता मी एका हाताने उघडू शकलो असतो. आणि दर महिन्याला मी नेमकी तीच दीड मीटरची केबल काढत होतो. माझी टेस्ट 'केबल निघाली तर काय' याची होती. 'फायबर तुटली तर काय' याची नव्हती. राउटर बसवला तेव्हा पलीकडचा सर्व्हर उत्तर देतो का, हे त्याने सतत विचारत राहावे अशी सेटिंग मी सुचवली होती. हंगाम आठ दिवसांवर होता, 'नंतर करू' असे ठरले. ठरवणाऱ्यांत मी होतो.

तोवर भिकनने एकोणतीस गाड्या हाताने केल्या होत्या. उरलेल्या आठ कॉम्प्युटरवर झाल्या. दोनच्या जीपा दोनला सुटल्या.

काट्याच्या मशीनला स्वतःची मेमरी असते. मी ती उतरवून घेतली आणि वहीशी ताडली. एकोणतीस गाड्या, अठ्ठावन्न वजने. अठ्ठावन्न जुळली.

मी सहा पानी अहवाल लिहिला. पहिल्या तीन पानांत वेळापत्रक आणि नकाशा. चौथ्या पानावर खरे कारण, आणि माझी टेस्ट अपुरी होती हे वाक्य. पाचव्यावर अठ्ठावन्न आकडे. सहाव्यावर उपाय.

आठव्या दिवशी चौकशी झाली. जनरल मॅनेजरांपुढे माझे रजिस्टर होते. अहवाल त्याच्याखाली होता.

"या सह्या तुमच्या?"

"हो."

"चौदाही टेस्ट पास?"

"हो, पण सर..."

"म्हणजे बॅकअप चालू स्थितीत होता."

"बॅकअप चालू होता, सर. त्याच्यावर जाण्याचा..."

"टेक्निकल नंतर बोलू. बॅकअप चालू असताना ऑपरेटरने हाताने वजनं लिहिली. नियम मोडला की नाही?"

भिकन भिंतीशी उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "आकडे सगळे जुळतात, सर."

"मी ते विचारलेलं नाही."

तेव्हा 'टेस्ट माझी चुकीची होती' एवढे चारच शब्द बोलायचे होते. मी स्वतःची समजूत घातली की ते चौथ्या पानावर आहे. मी त्या खोलीत एकही शब्द खोटा बोललो नाही. दोन्ही 'हो' खरे होते.

यादीतून भिकनचे नाव गेले. पुढच्या महिन्यात कंत्राटही गेले. उपाय मात्र लगेच मंजूर झाला. राउटरमध्ये त्या सेटिंगच्या सात ओळी घालायला मला वीस मिनिटे लागली.

भिकन आता कळसाडीच्या बाजूला कापसाच्या एका खासगी काट्यावर असतो. मी एकदा गेलो होतो. त्याने चहा मागवला. समोर दोनशे पानी वही उघडी होती.

"अठे पावती हातनीच शे, नाना," तो म्हणाला. "कोनी काही म्हनत नही."

मी त्याला चौथ्या पानाबद्दल सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, "तुमनं तोंड कोनता पानवर व्हतं?" आणि पुढची गाडी काट्यावर घेतली.

आता टेस्ट करताना मी आमच्या खोलीत काही उपटत नाही. कंपनीला सांगून लाईन त्यांच्या टोकाला बंद करायला लावतो. रजिस्टरमध्ये 'कुठे तोडले' असा नवा रकाना आखला आहे. जुन्या चौदा नोंदींखाली मी लाल शाईने लिहिले, 'ही टेस्ट अपुरी होती', आणि चौदा सह्या केल्या.

ऑडिटमध्ये त्यावर आक्षेप आला. पूर्ण झालेल्या नोंदींत फेरफार का केला, याचा लेखी खुलासा माझ्याकडे मागितला गेला.

मी तो एका पानात दिला. पहिल्याच ओळीत भिकनचे नाव आहे.