सहा बाटल्या

नव्वदीच्या दशकात मी ओझरच्या एका कारखान्यात होतो. वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी व्हायची. आधी एक अधिकारी कामगारांच्या आरोग्यावर अर्धा तास बोलत. त्यांचं स्वतःचं पोट तेवढा वेळ टेबलावर विसावलेलं असे. मग प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावलेली छोटी बाटली मिळायची.

आमच्या सेक्शनची या बाटलीबाबत एक रीत होती. आदल्या संध्याकाळी बाकीचे पाच जण ‘बसलेले’ असत आणि लघवीतून साहेबांना सगळं कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. मी पीत नसे. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

“मास्तर, तुमच्या निर्व्यसनीपणाचा तुमाला तर काय उपयोग दिसत नाय,” निफाडकडचा फिटर म्हणायचा, “आमाला तरी होऊ द्या.”

मी सहाही बाटल्या भरून द्यायचो. तीन वर्षं आमचा सेक्शन कागदोपत्री अगदी ठणठणीत होता.

चौथ्या वर्षी फिटरनं बाटली उजेडात धरली. “आयला, फेस तर बिअरवानी हाय! चोरून पिता का काय?” आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो, कारण फेस मी घरीही पाहिला होता.

आठवड्याभरानं सहाही जणांना कारखान्याच्या दवाखान्यात बोलावणं आलं. डॉक्टर चक्रावले होते. सहाही नमुन्यांत प्रोटीन जात होतं, थोडं रक्तही होतं. मूत्रपिंडाला जुनी सूज असू शकते, म्हणाले. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर त्यांचा संशय होता.

“सकाळी डोळे सुजतात का कोणाचे? पाय जड होतात? दम लागतो? डोकं दुखतं? भूक गेलीय? रात्री सारखं उठावं लागतं?”

प्रत्येक प्रश्नाला मी मनातल्या मनात ‘हजर’ म्हणत होतो. सुजलेले डोळे मी वाचनाच्या खाती टाकले होते, मोज्यांचा वळ नव्या मोज्यांच्या, डोकेदुखी चष्म्याच्या. बायको दोनदा म्हणाली होती, “दाखवून तर या.” तिला मी बरंच काही समजावून सांगितलं होतं.

पाचही जणांनी आधी एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. बोलायचं तर लबाडी कबूल करावी लागली असती. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घरून पहिली लघवी आणायला सांगितली.

परतीच्या बसमध्ये फिटरनं खिडकीची जागा मला दिली. एरवी तो ती मारामारी करून मिळवायचा. नाशिक येईपर्यंत कोणी माझी चेष्टा केली नाही.

द्वारका चौकात उतरताना मी त्याला बाजूला घेतलं. “उद्या तुझ्यातली थोडी मला देशील?”

“मास्तर, एवढं वाचता तुमी आन् हे काय मागता?”

“मला भीती वाटते रे.”

“मला बी वाटती. बाकी काय बी मागा. ते नाय देणार.”

सकाळी मी माझीच बाटली घेऊन गेलो. दवाखान्याच्या दारात तो माझ्याआधी उभा होता. नोकरीवर गदा येईल म्हणून मी त्याला खुणेनं थांबवत होतो, पण तो सरळ आत शिरला.

“सायेब, मागच्या सहाही बाटल्या या एकट्या मास्तरांच्या होत्या. टाकी चांगली हाय.”

डॉक्टर चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पँट वर करायला सांगितली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला.

अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघं तो भरायची वाट पाहत होतो.