चाचांच्या हाताचा आलेख

रोबोट म्हटलं की माझ्या वैजापूरच्या नातेवाइकांना अजून चालता-बोलता लोखंडी माणूस दिसतो. मी एवढी वर्षं जे बनवतोय तो साधा हातमोजा आहे. अर्धांगवायूनंतर ज्यांची मूठ मिटत नाही, त्यांच्यासाठी. बोटांखालून बारीक दोऱ्या जातात, मनगटाजवळची मोटर त्या ओढते आणि मूठ मिटते. रुग्णानं स्वतः जोर लावला की मोटरला कमी ओढावं लागतं. मोटरचं जेवढं काम वाचलं तेवढा रुग्णाचा जोर, असं आम्ही धरतो. माझ्या विद्यार्थिनीची पीएचडी याच मोजणीवर उभी होती.

ती रोज गंगापूरहून एसटीनं यायची. घरातली पहिलीच शिकलेली, माझ्यासारखी. मला माझ्या सरांनी काही न विचारता जवळ केलं होतं, म्हणून मी तिला घेतलं. पण माझ्यात सरांचा तो मोकळेपणा नव्हता, हे पुढं कळलं.

संशय आला तो एका आलेखामुळं. छावणी भागातले एक शिंपी आमचे रुग्ण होते. उजवा हात गेलेला. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी समोर असलो की त्यांची रेघ तळाशी चिकटलेली असायची. ती एकटी असली की चढायची, दर आठवड्याला थोडी थोडी, प्रबंधात शोभेल अशी. आजारी हात इतका शहाण्यासारखा वागत नाही. एक दिवस चालतो, दोन दिवस रुसतो.

मी तिला सरळ विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी मूळ फाइली गुपचूप उतरवून घेतल्या आणि कुठं आकडे बदललेत का ते शोधत बसलो. काही सापडलं नाही. तेव्हा मनात आलं, हुशार आहे, मागमूस ठेवला नसेल. तिनं जेवताना डबा पुढं केला तरी मी ‘भूक नाही’ म्हणायला लागलो. ती वर्गात कुणाशी हसून बोलली तरी वाटायचं, हिला कसली एवढी खुशी?

शेवटी एका मंगळवारी, पुण्याला मीटिंगला जातोय असं सांगितलं आणि गेलोच नाही. फिजिओथेरपी विभागात चाचांच्या शेजारच्या खाटेच्या पडद्याआड जाऊन बसलो. आवाज नको म्हणून चपला काढून ठेवल्या होत्या.

“चाचा, जोर लावा. नाय लागला तरी चालंल,” तिचा आवाज आला. “खरं असंल तेच येऊ द्या.”

“हौ बेटी. तू तेरा टीव्ही देख.” संगणकाला ते टीव्हीच म्हणायचे.

ती संगणकाकडं वळली. चाचांचा डावा हात सावकाश मोज्याखाली सरकला. अंगठ्यानं त्यांनी नेमकी दोरी धरली आणि शिवणीतला धागा ओढावा तशी अलगद ओढली.

“चाचा! लई भारी! मागल्या वेळेपेक्षा जास्त!”

“तेरी दुआ है.”

मी फटीतून हे सगळं पाहत होतो. पडदा सारून पुढं झालो. “चाचा, हे काय चाललंय?”

चाचांनी दोरी सोडली. “पकडे गए,” ते ओशाळून हसले. “नाराज नक्को होना सर. आपीच इसको बोले थे, नतीजा नहीं आया तो सब मेहनत पानी में. मैं वहींच बैठा था. मेरा हाथ तो गया सो गया, बच्ची का काम कायकू रुकाना?”

“आणि माझ्यासमोर?”

“आप बहुत बारीक देखते. डर लगता.”

ती चाचांवर रागावेल असं मला वाटलं. पण ती माझ्या अनवाणी पायांकडं बघत होती.

“सर, तुम्ही पुण्याला होता ना?”

मी चपला शोधायला लागलो.

“चाचांना पकडायला नव्हता बसला तुम्ही. मला पकडायला बसला होता.”

“हो,” मी म्हणालो. निदान तेवढं तरी खरं बोललो.

त्याच दुपारी तिनं चाचांचे सगळे आकडे बाद केले. एका रुग्णाचे वगळले की पुरे, असं मी सुचवलं. तिनं ऐकलं नाही. “बाकीच्यांच्या डाव्या हाताकडं तरी कुणी बघितलं होतं, सर?” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. दोऱ्या आम्ही बंद नळीत घेतल्या आणि सगळ्या रुग्णांची मोजणी पहिल्यापासून सुरू केली. तिची पदवी लांबली. चाचा दोन आठवडे तोंड चुकवत होते, मग तीच छावणीत जाऊन त्यांना घेऊन आली. नव्या मोज्यात त्यांची रेघ जवळजवळ हलतच नाही. पण जेवढी हलते तेवढी त्यांची आहे.

मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ती “ठीक आहे सर” म्हणाली आणि कामाला लागली. आता मी येऊन बसल्याशिवाय ती मोजणी सुरू करत नाही. रुग्ण खोळंबले तरी तिला चालतं. पाठमोरीच विचारते, “सर, बसलात?” मी “बसलो” म्हणतो, तेव्हा कुठं ती मोटरचं बटण दाबते.